‘आम्ही’ आणि ‘आपण’ : ब्लॅक सॅबथच्या अखेरच्या प्रयोगाचे एक परीक्षण

१

गायकाचा आवाज थकला असता त्याच्या गायनाचे मूल्यमापन कोणत्या निकषाने करावे, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. त्याला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर कठोर आहे : श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष जे गायले गेले तेवढेच विचारात घ्यावे, गायकाचे वय, आजार आणि पूर्वकीर्ती या गोष्टी कलाबाह्य होत. दुसरे उत्तर सहानुभूतीचे आहे : ज्याने आयुष्यभर भरभरून दिले, त्याच्याकडे अखेरीस हिशेब मागू नये. पहिल्या उत्तराने प्रयोगात घडलेले पुष्कळसे दृष्टीआड होते. दुसऱ्या उत्तराने समीक्षेचे रूपांतर सत्काराच्या भाषणात होते. प्रस्तुत लेखात या दोहोंहून निराळा मार्ग चोखाळून पाहावयाचा आहे. प्रयोगामध्ये गीताचा वक्ता नेमका कोण होता, हे भाषाशास्त्राच्या साधनांनी तपासले तर मूल्यमापनाचा निकषही हाती येऊ शकतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या विवेचनासाठी जो प्रयोग निवडला आहे तो ५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी, ॲस्टन भागातील व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर झाला. ‘बॅक टू द बिगिनिंग’, म्हणजे ‘पुन्हा आरंभाकडे’, असे त्या दिवसभराच्या महोत्सवाचे नाव होते. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल संगीताच्या आद्य बँडचा तो अखेरचा प्रयोग. असा विषय विद्यापीठीय पत्रिकेत काहींना अपरिचित वाटेल. तथापि जो संगीतप्रकार पन्नासांहून अधिक वर्षे टिकला आणि ज्याने जगभर आपला एक भाषिक समाज निर्माण केला, तो भाषेच्या अभ्यासकास वर्ज्य मानण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग चित्रप्रक्षेपणाच्या द्वारे पाहिला आहे. कॅमेरा जे दाखवितो तेच प्रेक्षक पाहतो, ही मर्यादा येथे प्रथमच नमूद केलेली बरी.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ब्लॅक सॅबथची स्थापना १९६८ साली ॲस्टन येथेच झाली. ऑझी ऑझबर्न (गायक), टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस गिटार) आणि बिल वॉर्ड (ड्रम) हे चौघेही त्या कामगारवस्तीत वाढलेले. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्यामुळे तारा दाबण्याची बोटे हीच होती. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, पातळ तारा वापरल्या, आणि पुढे तारा सैल करून त्यांचा स्वरही खाली आणला. हेवी मेटलचा जड, खर्जातील नाद म्हणून आज जो ओळखला जातो, त्याच्या मुळाशी कारखान्यातील हा अपघात काही अंशी तरी आहे. पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. दुसरी, ‘पॅरॅनॉइड’, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

१९७९ साली ऑझबर्नला बँडमधून काढण्यात आले. त्यानंतर अनेक गायक आले आणि गेले. मूळ चौघे मधूनमधून एकत्र येत राहिले. या चौघांनी एकत्र वाजविल्याचा व्हिला पार्कपूर्वीचा प्रसंग २००५ सालचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्मिंगहॅम येथेच बँडने एकदा निरोप घेतला होता. परंतु त्या वेळी बिल वॉर्ड नव्हता, आणि जुन्या चाहत्यांच्या लेखी तो निरोप अपुराच राहिला. २०२० च्या जानेवारीत ऑझबर्नने आपल्याला पार्किन्सनचा विकार असल्याचे जाहीर केले. २०२३ साली त्याने दौरे बंद केले. व्हिला पार्कवर तो उभा राहू शकला नाही. काळ्या सिंहासनावर बसून त्याने प्रथम स्वतःची पाच गीते आणि नंतर बँडसह चार गीते म्हटली. त्या दिवशी तो आणि बटलर पंचाहत्तरी ओलांडलेले होते. आयोमी आणि वॉर्ड प्रत्येकी ७७ वर्षांचे. मैदानात ४०,००० हून अधिक श्रोते होते. उत्पन्न पार्किन्सनच्या संशोधनास आणि मुलांच्या रुग्णसेवेस देण्याचे ठरले होते.

या चौघांच्या आधी दिवसभर मॅस्टोडॉन, अँथ्रॅक्स, लॅम्ब ऑफ गॉड, ॲलिस इन चेन्स, गोजिरा, पँटेरा, टूल, स्लेयर, गन्स एन् रोझेस, मेटॅलिका इत्यादी बँड येऊन गेले. प्रत्येकाने स्वतःच्या रचनांबरोबर सॅबथची किंवा ऑझबर्नची गीते वाजविली. हा तपशील वरवर पाहता केवळ कार्यक्रमपत्रिकेचा वाटतो. पुढील विवेचनात त्याला महत्त्व आहे.

३

सॅबथने सादर केलेली चार गीते अशी : ‘वॉर पिग्ज’, ‘एन्. आय. बी.’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरॅनॉइड’. चारही १९७० सालची. त्यांची रचना लक्षात घेतल्याशिवाय त्या रात्री काय घडले हे कळणार नाही.

‘वॉर पिग्ज’ हे युद्ध पेटवून स्वतः सुरक्षित राहणाऱ्या सत्ताधीशांविरुद्धचे गीत. त्याच्या कडव्यांत गिटार दोन आघात करून थांबते. मग ड्रमवादकाच्या झांजेच्या बारीक ठेक्याखेरीज काहीच उरत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत गायकाने एकट्याने ओळ म्हणावयाची असते. ओळ संपली की पुन्हा दोन आघात. थकलेल्या आवाजाला लपण्यास येथे कोणताही आडोसा नाही. परंतु हीच मोकळी जागा समुदायाला आत येण्याची वाट ठरते. ओळी आखूड आहेत, त्यांचा शेवट ठळक आहे, पुढील ओळ केव्हा सुरू होणार हे आघातांवरून प्रत्येकास कळते. व्हिला पार्कवर या ओळी गायकाबरोबर सर्व मैदानाने म्हटल्या. गायकाचा स्वर जेथे डळमळला तेथेही ओळ डळमळली नाही. ओळीचा भार त्या वेळी हजारो कंठांनी उचललेला होता.

‘आयर्न मॅन’ची रचना वेगळ्या कारणाने समुदायाला सुलभ आहे. हेवी मेटलमध्ये गिटारवर पुनःपुन्हा येणाऱ्या लहान, ठाशीव स्वरबंधास ‘रिफ’ म्हणतात. या गीतात गायकाची चाल आणि रिफ एकच आहेत. त्यामुळे शब्द विसरलेला श्रोताही चाल विसरत नाही. त्याला रिफच गाता येतो. भाषेच्या दृष्टीने हा प्रकार लक्षणीय आहे. येथे शब्द गळून पडले तरी उक्ती शिल्लक राहते. रोमान याकोबसनने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषेची सहा कार्ये सांगितली, त्यांपैकी एक केवळ संपर्क राखण्याचे; त्याला ही कल्पना मॅलिनोव्स्कीच्या १९२३ मधील लेखनातून मिळाली होती. निःशब्द रिफ गाणारा समुदाय अर्थ सांगत नसतो. ‘आम्ही येथे आहोत आणि तू येथे आहेस’ एवढेच तो परस्परांना कळवीत असतो. गीताची कथाही येथे आठवावी : भविष्य पाहून आलेला, पोलादाचा झालेला, आणि आपले म्हणणे कोणालाच ऐकवू न शकणारा मनुष्य. आसनाला खिळलेल्या गायकाच्या तोंडी त्या कथेस जो अर्थ आला, तो १९७० साली तिच्यात नव्हता.

आल्बर्ट लॉर्ड याने १९६० च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, मौखिक महाकाव्याचा गायक ठराविक संहिता पाठ म्हणत नाही. तो प्रत्येक वेळी काव्य नव्याने रचतो. संहिता त्याच्या ताब्यात असते, श्रोता ग्रहण करतो. ध्वनिमुद्रिकेच्या युगात हे नाते उलटले आहे. येथे स्थिर संहिता मुद्रिकेत आहे, आणि मुद्रिका शेकडो वेळा ऐकलेल्या श्रोत्याच्या स्मरणात आहे. गायक ओळीला उशिरा आला, एखादा स्वर खाली घेतला, तर ती त्रुटी प्रथम श्रोत्यालाच कळते, आणि ती भरून काढण्याचे साधनही त्याच्यापाशीच असते. जुना चाहता म्हणजे केवळ जास्त वर्षे ऐकलेला श्रोता नव्हे. तो संहितेचा रक्षक आहे. त्या रात्री गीताचा वक्ता कोण होता, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एकवचनी देता येत नाही.

४

अनेकवचनी उत्तर द्यावयाचे, तर कोणत्या अनेकवचनाने? येथे मराठीचा एक विशेष उपयोगी पडतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते. ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘आम्ही तो बँड ऐकला आहे’ असे म्हणणारा ऐकणाऱ्यापासून अंतर राखतो. ‘आपण तो बँड ऐकू’ असे म्हणणारा ते अंतर पुसतो. संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्पण’ या मार्गाने आलेल्या या सर्वनामात ‘स्वतः’ असाही अर्थ आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जुन्या चाहत्यांची भाषा स्वभावतः ‘आम्ही’ची असते. हेवी मेटलच्या समाजात तिची चिन्हे डोळ्यांनाही दिसतात. जाकिटावर शिवलेली बँडांची कापडी बोधचिन्हे, पाठीवर दौऱ्याचे वर्ष आणि गावांची यादी छापलेला विरलेला सदरा, ही सर्व साक्षीची प्रमाणपत्रे होत : मी तेथे होतो, तू नव्हतास. ज्ञानाचीही अशी प्रमाणपत्रे असतात. ‘एन्. आय. बी.’ हे शीर्षक घ्या. तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते बनले आणि त्याचा अर्थ ‘काळ्या छायेतील जन्म’ असा गूढ आहे, अशी समजूत वर्षानुवर्षे प्रचलित होती. वस्तुतः बिल वॉर्डची टोकदार दाढी बोरूच्या निबासारखी दिसे म्हणून मित्रांनी त्याला ते नाव दिले, आणि तेच गीताचे शीर्षक झाले, असे बटलरने सांगितले आहे. लोकव्युत्पत्तीचे हे नमुनेदार उदाहरण. विशेष असे की, १९९४ साली इतर बँडांनी सॅबथला मानवंदना म्हणून जो गीतसंग्रह काढला, त्याचे नाव या चुकीच्या व्युत्पत्तीवरूनच ठेवले गेले. खरी व्युत्पत्ती जाणणे ही जुन्या चाहत्याची खूण ठरली, आणि खोटी व्युत्पत्ती समाजाची सामाईक मालमत्ता झाली. पहिली ‘आम्ही’ची, दुसरी ‘आपण’ची.

बँडचा स्वतंत्र प्रयोग हा बहुधा ‘आम्ही’चा मेळावा असतो, तिकीट काढणारा प्रत्येकजण त्याच एका बँडसाठी आलेला असतो. महोत्सवात तसे नसते. तेथे एक बँड ऐकावयास आलेला दुसऱ्याच्या श्रोत्यांत उभा असतो. मेटॅलिकासाठी आलेल्या तरुणाच्या शेजारी १९७० च्या दशकापासून सॅबथ ऐकणारा वृद्ध असतो, आणि दोघांनाही एकमेकांची संहिता अर्धवटच ठाऊक असते. म्हणून महोत्सव ही जुन्या चाहत्याच्या दृष्टीने कसोटी आहे. आपले धन त्याला अनोळखी माणसांसमवेत वापरावे लागते.

व्हिला पार्कवर या कसोटीला आणखी एक परिमाण लाभले. तेथील सर्वांत निष्ठावंत जुने चाहते मैदानात नव्हते, मंचावर होते. सॅबथ नसती तर आपला बँडही नसता, अशा आशयाचे उद्गार मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डने तेथेच काढले. त्यांनी निवडलेली गीतेही चाहत्याचीच निवड दर्शवितात. मेटॅलिकाने १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेतील ‘होल इन द स्काय’ आणि १९७८ मधील ‘जॉनी ब्लेड’ वाजविले. गन्स एन् रोझेसने त्याच १९७८ च्या मुद्रिकेतील ‘ज्युनियर्स आइज’ घेतले. ही सर्वांच्या तोंडी असलेली गीते नव्हेत. घरी बसून मुद्रिकेची दुसरी बाजूही ऐकणाऱ्याची ही गीते आहेत. अशा रीतीने दुर्मिळ संहिता शिष्यांनी सांभाळली आणि सर्वपरिचित संहिता गुरूंनी. ‘आम्ही’चे ज्ञान दिवसभर मंचावरून उघडे करून वाटले गेले, आणि रात्री मूळ चौघांनी जे वाजविले ते सर्वांचेच होते. महोत्सवाच्या या क्रमयोजनेला प्रस्तुत लेखक तिचे सर्वांत मोठे यश मानतो.

५

तथापि या ‘आपण’ला एक छिद्र होते, आणि समीक्षेने ते झाकून ठेवू नये. १९७९ साली ऑझबर्नच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला. १९८० मधील ‘हेवन अँड हेल’ ही त्याची पहिली मुद्रिका. तिने खचलेल्या बँडला पुन्हा उभे केले. डिओ २०१० साली निवर्तला. त्यानंतरच्या गायकांपैकी टोनी मार्टिनने पाच मुद्रिका गायल्या. व्हिला पार्कच्या संपूर्ण दिवसात या कालखंडांतील एकाही गीतास स्थान मिळाले नाही. आयोजकांची बाजू समजण्यासारखी आहे : हा ऑझबर्नचा निरोप होता, मूळ चौघांचे पुनर्मीलन होते, आणि नावातच ‘आरंभ’ होता. परंतु ज्यांचा आरंभ १९८० साली झाला, असेही जुने चाहते आहेत. त्यांच्यापुरता हा समारंभ ‘आम्ही’चाच राहिला, आणि त्या ‘आम्ही’तून ते वगळले गेले.

यातील विसंगती अशी की, वगळलेला गायक मैदानात हजर होताच. तर्जनी आणि करंगळी उभारून केलेली शिंगांची मुद्रा ही आज जगभर हेवी मेटलची खूण आहे. ती या समाजात रूढ केली डिओने. ऑझबर्न दोन बोटांची शांतिमुद्रा करीत असे, म्हणून आपण वेगळी खूण निवडली, असे त्याने सांगितले होते. ऑझबर्नच्या निरोपाला जमलेल्या श्रोत्यांचे हात डिओच्या भाषेत बोलत होते. संयोजकांनी आखलेल्या परंपरेपेक्षा समुदायाची भाषा अधिक उदार ठरली. भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये; व्याकरणकाराने बाद ठरविलेले रूप बोलीत सुखाने नांदत असते.

दुसरा दोष स्तुतीच्या अतिरेकाचा. दिवसभर एकामागून एक येणारे बँड आणि मध्यंतरी दाखविलेले शुभसंदेश यांमुळे श्रोत्याला काय वाटावे हे त्याला आधीच सांगितले गेले. ‘वॉर पिग्ज’मधील मोकळ्या जागेने जे साधले, ते या भरगच्च कौतुकाने साधले नाही. श्रोत्यास आत येण्यासाठी मोकळी जागा लागते.

६

शेवटी ज्या गीताने मूळ प्रश्न सर्वांत तीव्रतेने उपस्थित केला त्याकडे वळू. ‘मामा, आय’म कमिंग होम’ हे ऑझबर्नचे १९९१ मधील गीत. दौऱ्यावरचा पुरुष पत्नीला ‘मी घरी येत आहे’ असे कळवितो, एवढाच त्याचा शीर्षकार्थ. ‘मी’, ‘घर’, ‘येणे’ या शब्दांचा अर्थ कोशात पुरा होत नाही. कोण, कोठून, केव्हा बोलतो यावर तो ठरतो. व्हिला पार्क हे मैदान ऑझबर्न लहानपणी जेथे राहिला त्या वस्तीतच आहे. तेथे बसून म्हटलेल्या या गीतातील ‘घर’ ॲस्टन झाले, आणि ‘येणे’ प्रत्यक्षात घडलेले होते. आवाज या गीतात सर्वांत अधिक थकलेला होता. संथ चालीत दीर्घ स्वर धरावे लागतात आणि श्वास पुरत नाही. तेथेही श्रोत्यांनी गीत उचलले. परंतु ते ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हणत नव्हते. ४०,००० लोक एका माणसाचा ‘मी’ त्याच्यासाठी उच्चारीत होते.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील अध्यक्षीय भाषणात काव्यानंदाचे वर्णन ‘सविकल्प समाधी’ या शब्दांत केले : रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो आणि त्याच वेळी स्वतःचे भानही राखतो. भट्टनायकाचे साधारणीकरण भावना व्यक्तीपासून सोडवून सर्वांची करते. केळकरांची कल्पना त्या सर्वांत ‘स्व’लाही जागा ठेवते. या गीताच्या वेळी घडले ते दुसऱ्या प्रकारचे होते. श्रोत्याला हा ‘मी’ आपला नाही, हे पूर्ण ठाऊक होते. तरीही तो उच्चारणे त्याला आपले काम वाटले. ‘आपण’ या शब्दात ‘सर्व’ आणि ‘स्वतः’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, त्याचे असे प्रात्यक्षिक विरळाच पाहावयास मिळते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. थकलेल्या गायकाचा प्रयोग केवळ कंठाच्या निकषावर तोलणे अपुरे आहे, कारण तेथे गाणारा कंठ एकटा नसतो. तो केवळ कृतज्ञतेने स्वीकारणेही चुकीचे आहे, कारण समुदायाने भार उचलावा अशी शक्ती प्रत्येक गीतात नसते आणि प्रत्येक आयोजनात तशी मुभा नसते. ती होती काय, हेच तपासावे. ‘वॉर पिग्ज’ आणि ‘आयर्न मॅन’ यांच्या रचनेत ती १९७० पासूनच होती. त्या रात्री तिचा पूर्ण उपयोग झाला. महोत्सवाच्या क्रमयोजनेत ती बऱ्याच अंशी होती. डिओच्या वाट्याला आलेल्या मौनात ती नव्हती. या निकषावर हा प्रयोग श्रेष्ठ होता, निर्दोष नव्हता.

२२ जुलै २०२५ रोजी, प्रयोगानंतर सतराव्या दिवशी, ऑझबर्नचे निधन झाले. ३० जुलैला बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून त्याची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांची दाटी होती. यापुढे ही गीते त्याच्यावाचून म्हटली जातील. ती कोणी म्हणावीत याचा अधिकार कोणा एका पिढीकडे राहणार नाही. जुन्या चाहत्यांनी त्या रात्री शेजारच्या अनोळखी तरुणाला ओळ कोठे सुरू होते हे गाऊन दाखविले असेल, तर त्यांचे कार्य झाले. ती ओळ त्या तरुणाला येते की नाही, हे पुढील महोत्सवातच कळेल.